निगेटिव्ह अहवालानंतरचा महिना

सुमनताई पालमहून बदलून आमच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून आल्या, तेव्हा मी तिथे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून चांगलाच मुरलो होतो. महिनाभरात माणसं दारातूनच विचारू लागली, "ताई कुठं हायत?" रक्त मी काढायचो, चाचणी मी करायचो आणि विश्वास मात्र त्यांच्यावर! ताईंच्या साठीनिमित्त लिहायला बसलो आहे, तर खोटं कशाला लिहू? मी त्यांच्यावर वर्षानुवर्षं जळलो.

एकदा मानवतच्या कापूस जिनिंगमधले एक फिटर आले. नाव सांगत नाही. ताईंनीही कधी कुणाचं सांगितलं नाही. आठवडाभर ताप, मानेला गाठी, अंगावर पुरळ. पत्नी सहा महिन्यांच्या गरोदर. मी केलेली त्यांची चाचणी निगेटिव्ह आली. ताईंनी तरीही त्यांना तासभर बसवून घेतलं. बाहेरच्या संबंधाला तीनच आठवडे झाल्याचं त्यांनी हळूहळू कबूल केलं.

"ताई, रिपोर्ट तर चांगला हाय की. मंग परत कामून यायचं?"

"दादा, लागण नवी असली तर चाचणीत दिसायला वेळ लागतो. पण त्याच दिवसांत रक्तात विषाणू लय असतो, दुसऱ्याला लागायची भीती सगळ्यात जास्त. परत तपासेपर्यंत घरी बायकोजवळ जाऊ नका. बाळासाठी एवढं कराच."

ते गेल्यावर मी चिडून विचारलं, "माझ्या चाचणीवर शंका?"

"तुमची चाचणी बरोबरच आहे, भाऊ. फक्त लवकर झाली."

ताईंनी दोनदा फोन केल्यावर महिन्याने ते आले. या वेळी पॉझिटिव्ह. त्यांच्यावर लगेच उपचार सुरू झाले. त्यांच्या पत्नी पुढच्या प्रत्येक तपासणीत निगेटिव्ह राहिल्या. बाळ सुखरूप जन्मलं.

जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, ही लागण कुणी हेरली? ताई उठल्या. "आमच्या तंत्रज्ञांनी नीट लक्ष देऊन पुन्हा तपासलं म्हणून कळलं, सर." टाळ्या झाल्या. मी त्या मुकाट्याने घेतल्या. परतताना एसटीत ताईंचे आभार मानायचे सोडून मी खिडकीबाहेर बघत बसलो. माणसानं इतकं चांगलं तरी का असावं, या विचारानं त्या दिवशी जास्तच जळलो.

ते श्रेय ताईंचं होतं. आज सर्वांसमक्ष ते त्यांच्या ओंजळीत ठेवतो. हेवा मात्र गेलेला नाही. आजही पार चारठाणा गावाहून आलेली माणसं माझ्यासमोरून सरळ त्यांच्या खोलीत जातात. ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्यावर जळायला मलाही पुष्कळ वर्षं मिळोत.