आडीतलं पुडव

धाकट्या बहिणीचं लग्नाचं पुडव मी आडीत घेतलं. आमच्या तंजावूरच्या मराठीत साडीला पुडव म्हणतात, आणि आडी हा तमिळ पंचांगातला महिना, शुभकार्याला वर्ज्य. आडीत इथे कुणी लग्न करत नाही आणि लग्नाचं कापडही घेत नाही. म्हणून कापडवाले त्या महिन्यात तळ्ळुबडी लावतात, म्हणजे सूट. मग सारं गाव त्यावर तुटून पडतं. घरात नेसायचं, कामावर घालायचं, पोरांच्या शाळेचं, सगळं लोक तेव्हाच घेतात. लग्नाचं तेवढं घेत नाहीत.

मी घेतलं, कारण दुसरा उपाय नव्हता. वडील गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालतं. मी एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे. माझं लग्न राहूनच गेलं. त्यामुळे धाकटीचं तरी नीट व्हावं, चारचौघांत कुणी नाव ठेवू नये, एवढाच माझा हट्ट होता. मुलगा पापनाशमचा, आमच्यातलाच, पण त्यांच्या घरात दोन पिढ्या तमिळच बोलतात. गौरीहराशी बसताना नवरीने नेसायचं नऊवारी रेशमी पुडव मामाने द्यायचं, ही आमची रीत. मामाने हात वर केले. त्याचंही बरोबर होतं, त्याच्याच घरात दोन मुली उजवायच्या होत्या. म्हणजे ते पुडव माझ्यावर आलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं अंथरूण रुमालाएवढं.

लग्न आवणीत, म्हणजे आडी संपल्यावर लगेच. आडी संपली की भाव पुन्हा वर. मी आईला म्हटलं, पुडव आत्ताच घेऊ.

"आडीत?" आई म्हणाली. "लग्नाचं?"

"अवस झाली की आपला श्रावण लागतो. आडी त्यांची. आपण मराठी."

हे मी कॉलेजातून येताना बसमध्ये बसून शोधून काढलं होतं. आणि ते खोटं नव्हतं. आडीची अवस झाली की दुसऱ्या दिवशी आमचा श्रावण सुरू होतो, पण आडीचे काही दिवस उरलेलेच असतात. त्या दिवसांत दुकानातली सूट तमिळ आणि मुहूर्त मराठी. आम्ही तंजावूरचे मराठे असं करतच आलोय. जे पंचांग सोयीचं, ते आपलं. आईने आयुष्यभर आडी पाळली होती, माझी आत्या तर आडीत नवी केरसुणीही आणत नसे. आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सोयीचं पंचांग काढलंस." पण नको म्हणाली नाही. नको म्हणायला दुसरं काय होतं तिच्याजवळ?

श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. एरवी रेशमाच्या गिऱ्हाइकाला वरच्या मजल्यावर गादीवर बसवतात, कॉफी देतात, एकेक पुडव उलगडून मांडीवर टाकतात. तळ्ळुबडीचा माल तळघरात होता. तिथे टेबलावर ढीग, उभ्याने उपसायचा. माझ्या शेजारच्या बाईने मी धरलेलं एक पुडव दुसऱ्या टोकाने धरलं आणि ओढून नेलं. मला इतकी लाज वाटत होती की भांडायचंही सुचेना. लग्नाचं घेते आहे हे तिथे कुणाला कळू नये, एवढंच मनात होतं.

शेवटी एक पिवळं मिळालं, लाल काठाचं. मधोमध वीतभर पट्ट्यात रंग उडालेला होता. म्हणून तर ते त्या ढिगात होतं. मी हाताने मोजलं. नऊवारीत तेवढा भाग काष्ट्यात जातो, कुणाला दिसत नाही. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा खूश झाले. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते. बिलावर जांभळ्या शाईचा शिक्का मारून मिळाला: तळ्ळुबडीचा माल परत किंवा बदलून मिळणार नाही.

घरी पुडव उलगडलं. बहीण म्हणाली, छान आहे. आईने कुंकवाचं बोट लावलं आणि खोक्यात घालून ते कपाटात ठेवलं.

लग्नाला दहा दिवस होते तेव्हाची गोष्ट. मी ऑफिसातून दमून आले होते. चप्पल काढते न काढते तोच बहीण दारात येऊन म्हणाली, "अक्का, ते पुडव परत घेतील का?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "का? रंग नाही आवडला? महाराणींना काय जांभळं हवं होतं?"

ती म्हणाली, "तसं नाही. नुसतं विचारते. घेतील का परत?"

मी पर्समधून बिल काढलं आणि तो शिक्का तिला मोठ्याने वाचून दाखवला, शब्दन् शब्द. वर म्हटलं, "आता आवडो न आवडो, नेसायचं आणि गप्प बसायचं." तोंडाचा पट्टा सुटला की मला आवरत नाही. ती "बरं" म्हणाली आणि आत जाऊन तिने भाताला पाणी ठेवलं.

लग्न झालं. रंग उडालेला भाग काष्ट्यात गेला, कुणाला दिसला नाही. पण शिक्क्याचं ते बिल मी नंतर चुकून पुडवाच्या खोक्यात ठेवलं होतं, आणि ते तिच्या सासूच्या हाती लागलं. सासूने तारीख वाचली. "आडीत घेतलं?" एवढंच म्हणाली. मी श्रावणाचं सांगायला लागले, तर तिने खोक्याचं झाकण लावून टाकलं.

दीड वर्षाने बहीण पापनाशमहून एक पिशवी घेऊन परत आली. नवऱ्याने मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तो तिच्याशी बोलतच नव्हता. त्याचं मन तिरुच्चीतल्या एका बाईकडे होतं आणि शेवटी तो तिच्याकडेच राहायला गेला. सासरच्यांनी हिलाच सांगितलं, तुझं पाऊल आडीचं. बहीण आली तेव्हा पुडवही आणलं होतं, त्याच खोक्यात.

तेव्हापासून आमच्या घरात त्या पुडवाचं नाव कुणी काढत नाही, आणि त्याच्याशिवाय दुसरा विषयही नाही. आई देवापुढे बसते तेव्हा मला तिची पाठ दिसते आणि ती काय म्हणत असेल ते कळतं. मी शिकलेली बाई आहे. कापडाच्या तारखेने संसार मोडत नाहीत, हे मला कळतं. तरी आडी आली, दुकानांचे कर्णे सुरू झाले, की मी दुसऱ्या रस्त्याने ऑफिसला जाते.

यंदाच्या आडीत, एका रविवारी सकाळी, आईचं घरात नेसायचं एक फाटलेलं पुडव मी शिवत होते आणि बहीण घेवडा निवडत होती. मी म्हटलं, "आई, हे आता टाक. तळ्ळुबडी लागली आहे, दोन आणते."

आई म्हणाली, "नको. त्या दुकानाने एकदा घात केला तेवढा पुरे."

इतक्या दिवसांत ती उघड उघड बोलली ती पहिल्यांदाच. मी सुई खाली ठेवली. बहिणीने मान वर केली नाही. शेंगा मोडता मोडता म्हणाली, "पुडवाने काही केलं नाही, आई. लग्नाआधी त्याचा फोन आला होता. मला सांगितलं, माझं दुसरीकडे आहे, अम्माच्या हट्टासाठी उभा राहतोय, तूच मोड."

मी विचारलं, "कधी?"

"दहा दिवस आधी. तू ऑफिसातून आलीस, आणि मी दारातच तुला विचारलं."

मला एकदम सगळं आठवलं. दार, चप्पल, बिल, शिक्का.

"मला वाटलं तू रंगाचं विचारतेस," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. मला वाटलं, आधी पुडवाचं विचारावं. ते परत जात असेल, तर पुढचं सांगता येईल. तू एवढं करून आणलं होतंस."

"अगं, सांगायचंस. मी ते पुडव पेटवून दिलं असतं."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असावं तसं.

"दिलं असतंस, अक्का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काष्ट्यात लपवलेला तो वीतभर पट्टा मला आठवला, आणि हो म्हणता आलं नाही.