फसवी गोळी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या दातांच्या डॉक्टरबाई जिन्यात भेटल्या की आधी माझे दात बघतात, मग चेहरा. संक्रांतीला त्या पोरांना हलव्याऐवजी झायलिटॉलच्या बिनसाखरेच्या गोळ्या वाटतात. म्हणतात, "दातांवरचे जंतू साखर समजून खातात, पण त्यांना पचतच नाही. मग कीड कशी लागणार? फसतात रे!" आता पोरं त्यांना बघून आपणहून आ करतात.

यंदा एक गोळी गाडीखाली घरंगळली. तिथे सोसायटीचा म्हातारा कुत्रा मोत्या झोपलेला, आणि कुत्र्यांना झायलिटॉल म्हणजे विष. बाई काळ्या साडीसकट जमिनीवर आडव्या झाल्या आणि गोळी मुठीत घेऊनच उठल्या. "फसवायचंय ते जंतूंना. तुला नाही रे, राजा."

मोत्याने जांभई दिली. बाईंनी लगेच त्याचेही दात बघून घेतले.