दोन चुलींची भाकर

टोपल्यातली भाकर काढली की ती आधी मोडायची. अर्धी स्वतःला, अर्धी समोर जो उभा असेल त्याला. "घे माय, अर्धी घे." हाच तिचा रामराम, हीच तिची विचारपूस. शाळेतल्या बदलीमुळे मी कंधारला आले, तेव्हा या म्हाताऱ्या शेजारणीशी माझी ओळख झाली तीही अर्ध्या भाकरीनंच. नको म्हटलं की फुगून बसायची. पूर्ण भाकर एकटीनं खाताना तिला कुणी पाहिलं असेल तर सांगा, मी तरी नाही पाहिलं.

घरात ती, धाकट्या लेकाची विधवा बायको आणि नात. थोरला नांदेडला पगारदार. रेशनकार्ड सगळ्यांचं एकच, त्यामुळं त्याचा पगार सगळ्यांचा धरला गेला आणि धान्य बंद झालं. आईपुरतं तो पाठवायचा. भावजयीचं नाव काढलं की या गृहस्थाला ऐकूच यायचं नाही. सून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. काम नसेल त्या दिवशी पोरीला पेज पाजून निजवायची.

कचेरीत कळलं, सुनेचं कुटुंब वेगळं असेल तरच तिला वेगळं कार्ड. वेगळं म्हणजे चूल वेगळी, आणि ती तलाठी येऊन बघणार. मग काय, गल्लीतल्या बायांनी मिळून ओट्याच्या बुटक्या भिंतीपलीकडं नवी चूल घातली, सारवली. मी म्हातारीला पढवलं, "म्हणायचं, सुनेशी पटत नाही."

तलाठी आला. तरुण, घाईतला.

"सुनेशी पटत नाही का आजी?"

तिनं सुनेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "पटत न्हाई? लई पटतंय की लेकरा! लेकीवानी हाय माझी."

मी कपाळावर हात मारला. त्यानं नव्या चुलीत बोट फिरवलं, तर राखेचा कण नाही. "खरंच वेगळं रांधत असाल तर लिहीन. पुन्हा येतो, न सांगता," म्हणाला आणि गेला. सून भिंतीला टेकून पदरात तोंड घालून रडली.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारीनं खरंच वेगळं मांडलं. मीठ वेगळं, सरपण वेगळं, तवा माझ्याकडून मागून नेला. त्या दिवशी तिची भाकर टोपल्यात तशीच राहिली. "एकटीला घास उतरत न्हाई गं," म्हणाली. मला रडूही आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

तिसऱ्या दिवशी बघते तर काय, तिनं भाकर मोडून अर्धी भिंतीवरून सुनेला दिली, आणि सुनेनं आपल्या चुलीवरची अर्धी इकडं दिली. मग रोज तेच.

एका सकाळी असाच हात भिंतीवर असताना तलाठी दारात उभा! सून जागच्या जागी थिजली. म्हातारी मात्र त्याच्याकडं बघून म्हणाली, "चूल वेगळी कर म्हणलास, केली. भाकर देऊ नको असं कुठं म्हणलास? घे लेकरा, अर्धी घे."

त्यानं दोन्ही चुली पाहिल्या. दोन्ही पेटलेल्या होत्या. तिथंच ओट्यावर बसून त्यानं लिहिलं, मग भाकरीला हात पुढं केला.

सुनेचं कार्ड आलं, धान्य सुरू झालं. मी म्हटलं, आता रांधा की एकत्र. तर म्हातारी डोळे वटारून म्हणाली, "न्हाई माय. पोरीचं धान्य पुन्हा बंद पडलं तर? मी हाय तवर माझी चूल वेगळीच."

या थंडीत ती गेली. परवा तिच्या ओट्यावर उभी होते. पलीकडं सुनेनं पहिली भाकर उतरवली, मोडली आणि सवयीनं खाली मानेनंच अर्धी भिंतीवरून पुढं केली. मग तिच्या ध्यानात आलं. हात तसाच राहिला.

तो तसाच मागं जाऊ नये, एवढंच मला वाटलं. मी पुढं झाले आणि ती अर्धी घेतली.