आबांच्या छातीवरचा स्पीकर

आबांची बोटं आबांच्या आधी मेली होती.

आज हे लिहितेय, कारण काल दुपारी हे गेले. आबांचा मुलगा, माझा नवरा.
आयुष्यभर ही गोष्ट त्यांनी मला कुणाला सांगू दिली नाही. आता अडवायला कुणी नाही.

सत्तरच्या दशकातलं आहे. लग्न होऊन मी विंझरजवळच्या वाडीत आले. आबा, म्हणजे माझे सासरे, आमच्या बौद्धवाड्यातल्या गायन पार्टीचे पेटीवाले. जयंतीला पार भोरपर्यंत कार्यक्रम असायचे.

मी आले तोवर ते संपलं होतं.

महारोग.
औषधानं रोग थांबला, पण बोटांना काही कळेना. पेटीची पट्टी दाबली गेली की नाही, ते बघूनच समजायचं.
आणि माणसं यायची थांबली. पार्टीचे गायक बाबूतात्या, आबांचे जिवलग, तेसुद्धा रस्त्यावरूनच "जय भीम" घालायचे.

आबा दुपारभर मांडीवर बोटं नाचवत बसायचे. पेटी नाही, आवाज नाही.
मला ते बघवायचं नाही.

हे भोरला रेडिओ रिपेअरिंगच्या दुकानात कामाला. त्यांनी एक खोकं बनवलं. ट्रान्झिस्टर, सेल, छोटी बटणं. बटण दाबलं की सूर.

आबांनी वाजवलं. थोड्या वेळानं बटणं लाल झाली. बोट कापलं होतं, त्यांना पत्ताच नाही.

"ह्यात हाताला काय लागतच न्हाई रं," आबा म्हणाले. "वाजवतंय कोन? म्या, का खोकं?"

हे त्या दिवशी जेवले नाहीत.
मी भीत भीत म्हटलं, "आबांना कोपरापाशी कळतं. आंघोळीचं पानी तापलंय का, ते तिथंच बघत्यात."

मग बटणं गेली. रुंद लाकडी पट्ट्या आल्या, खाली सायकलच्या सीटच्या स्प्रिंगा. कोपरानं दाबायच्या. जास्त दाबलं की सूर मोठा.
आणि स्पीकर उपरण्यानं आबांच्या छातीवर बांधला.

पहिला सूर लागला तसे आबा दचकले.
"आत आला," म्हणाले.
आणि हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

माझा नातू लॅपटॉपवर म्युझिक करतो. लाईव्ह शो असतात त्याचे. त्याचं नवीन पॅड बोटांखाली थरथरतं, त्याचं त्याला भारी कौतुक. आजोबांना दाखवायला आला, तर हे उठून आतल्या खोलीत गेले.
पोराला वाटलं, आजोबांना आवडलं नाही.

बाळा, तसं नव्हतं ते.

त्या उन्हाळ्यात आबा रोज वाजवायचे. एका दुपारी मी विहिरीवर होते. सूर ऐकू येत होता.
एकच सूर.
बदलेना. थांबेना.

आधी वाटलं, आळवतायत. मग हंडा तिथंच टाकून पळाले.

आबा खोक्यावर ओणवे झाले होते. कोपर पट्टीवर. डोळे उघडे.
छातीवरचा स्पीकर वाजत होता.

माझा हात पुढं होईना. हा सूर थांबवला की आबा गेले, असंच वाटत राहिलं.

सगळी वाडी ऐकत होती. दार माणसांनी भरलं, पण आत कुणी येईना.
बाबूतात्या गर्दीतून पुढं आले. उंबऱ्याशी थांबले. मग आत आले, आबांजवळ बसले, आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून पट्टीवरनं उचलला.

सूर थांबला.

"मला हाका मारीत हुतास व्हय रं?" तात्या म्हणाले.
हात सोडला नाही त्यांनी. मागनं एकेक जण आत आला.

हे संध्याकाळच्या एसटीनं आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,
"किती येळ वाजत हुता?"


नंतर त्यांनी वाद्य कधी बनवलं नाही. रेडिओ दुरुस्त करत राहिले. पण एखाद्या दुपारी काम करता करता हात थांबायचा, मान वर व्हायची.
"ऐकू येतोय?"
मी "न्हाई" म्हणायचे.
खोटं बोलायचे. मलाही यायचा.

अहो, आबांचं वाजवणं तुम्ही त्यांना परत दिलंत. तेवढंच बरोबर घेऊन जा.

तुम्हाला माझा अखेरचा जय भीम.