टेपवरचा आशीर्वाद

“तुला हिंदी येतं ना?” प्रोफेसरांनी विचारलं आणि मी छाती फुगवून “हो, हो” म्हणून मोकळा झालो. राष्ट्रभाषेच्या दोन परीक्षा पास होतो, त्याही पुण्यात बसून. पण त्या जर्मन विद्यापीठात भूगर्भशास्त्राकडे मी एकटाच भारतीय. वासरांत लंगडी गाय शहाणी. प्रोफेसरांबरोबर दुभाष्या म्हणून हिमालयात जायला मिळत होतं. हिमालय मी तोवर कॅलेंडरवरच पाहिला होता.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. गढवालात, अलकनंदेला मिळणाऱ्या एका नदीच्या खोऱ्यात आम्ही पाच आठवडे हिंडलो. राजगिऱ्याची शेतं लालभडक झाली होती. दगडी पाट्यांच्या छपरांवर मिरच्या वाळत होत्या, आणि मान वर करावी तिथे, अचानक, शिखरांवर बर्फ. एका गावातून दुसऱ्या गावात जायला दोन ओंडक्यांचा साकव होता. साठीचे प्रोफेसर तो शीळ घालत ओलांडून गेले. मी बसून, ढुंगण सरकवत पलीकडे पोचलो. इतकं देखणं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि तिथेच मी रोज खोटं बोलत होतो. खालच्या गावांत माझं हिंदी चाललं. वर चढत गेलो तशी पहाडी बोली दाट होत गेली. दहातले चार शब्द कळायचे, बाकीचे सहा मी ठोकून द्यायचो.

सगळ्यांत वरच्या गावात एक म्हातारी आली. तिने प्रोफेसरांचे दोन्ही हात धरले आणि रडत रडत बराच वेळ बोलली. गावोगावची गाणी टिपायला आणलेला प्रोफेसरांचा टेपरेकॉर्डर चालूच होता. मला कळलं ते फक्त ‘बेटा’.

“काय म्हणतेय?”

“तुम्हाला मुलगा मानून आशीर्वाद देतेय.”

प्रोफेसरांचे डोळे भरून आले. त्यांनी मान डोलावली, तिच्या खांद्यावर थोपटलं. म्हातारी शांत झाली आणि तिने आमच्या ओंजळीत अक्रोड घातले.

जर्मनीत परतल्यावर प्रोफेसर गावोगाव स्लाइड दाखवत व्याख्यानं देऊ लागले. शेवटी पडद्यावर म्हातारी यायची, टेपवर तिचा आवाज, आणि प्रोफेसर सांगायचे, “हा एका आईचा आशीर्वाद.” बायका रुमाल काढायच्या. मला मात्र घाम फुटायचा. आशीर्वाद देताना कुणी असं रडत नाही, हे मला त्या गावातच जाणवलं होतं. पण बोलावं तर डॉक्टरेट प्रोफेसरांच्या हातात.

दुसऱ्या वर्षी कळलं की र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात एक गढवाली इंजिनियर शिकायला आला आहे. एका रविवारी टेप आणि रेकॉर्डर घेऊन मी त्याच्या खोलीवर गेलो. त्याने ती दोनदा ऐकली.

“तिचा मुलगा फौजेत आहे. दोन वर्षं पत्र नाही,” तो म्हणाला. “ती म्हणते, तुम्ही मोठे साहेब, दिल्लीत विचारा. मग नाव सांगते, पलटण सांगते.”

“नाव काय?”

“नाव, पलटण काहीच ऐकू येत नाही. मध्येच कुणीतरी जर्मन बोलतोय.”

तो मी होतो.

डॉक्टरेट गेली असं धरून मी प्रोफेसरांना सगळं सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “आल्झो, तर मग तिला नाव विचारून घे. वकिलातीत मी स्वतः जाईन.” ती स्लाइड त्यांनी पुन्हा दाखवली नाही. इंजिनियरने गावच्या मास्तरांना पत्र लिहिलं: म्हातारीच्या मुलाचं नाव, वय आणि पलटण तिला विचारून कळवा. मला कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं.

उत्तर चार महिन्यांनी आलं. मास्तरांचं हिंदी पुस्तकी होतं. मला सगळं कळलं.

‘आपले पत्र तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, नाव तर साहेबाला सांगितले होते. त्याच्या माणसाने समजावून दिले, साहेबाने मान हलवली. आता इतक्या लांबून पुन्हा नाव विचारतात, म्हणजे शोध लागला आहे आणि सांगायला त्यांची जीभ रेटत नाही. मी पुष्कळ समजावले, ऐकेना. तेराव्यापर्यंत सगळे विधी तिने करवून घेतले. नाव आणि पलटण खाली लिहितो. तो जिवंत असेल तर मला कळवा. तिला कसे सांगायचे ते मी पाहीन.’

पत्र घेऊन मी प्रोफेसरांकडे गेलो. “काय लिहिलंय?” त्यांनी उत्सुकतेने विचारलं.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं.