किल्ली कोणाकडे?

वाघोलीच्या आमच्या सोसायटीत सोळा कॅमेरे आहेत. त्यांतले अकरा पार्किंगकडे तोंड करून आहेत, कारण इथल्या माणसांना घरातलं सोनं गेलेलं एक वेळ चालेल, पण आपल्या जागेत दुसऱ्याची गाडी लागलेली चालत नाही. दोन बागेवर आहेत, कुणाचा कुत्रा कुठे घाण करतो ते बघायला. उरलेले तीन चोरांसाठी, आणि त्यांतला एक चालतो.

शेजारच्या इमारतीत घरफोडी झाली तेव्हा आमच्याकडे तातडीची सभा भरली. एकाने भिंतीवर काटेरी तार सुचवली, दुसऱ्याने तारेमुळे इमारतीची शोभा जाईल म्हणून विरोध केला. आमचे चेअरमन हिंजवडीला नोकरी करतात. त्यांचा निम्मा दिवस कंपनीच्या बसमध्ये जातो, त्यामुळे घर ही मोबाइलवर बघायची वस्तू आहे असं त्यांचं मत झालंय. ते म्हणाले, "आपल्याकडे काही सिस्टिमच नाहीये." मग मी उठलो.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलं. जे नोंदवलं ते सुरक्षित, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. मी सुचवलं, बंद घरांची नोंदवही ठेवा. बाहेरगावी जाणाऱ्याने फ्लॅट नंबर लिहावा, कधीपासून कधीपर्यंत ते लिहावं, आणि शेवटच्या रकान्यात लिहावं, किल्ली कोणाकडे. म्हणजे वॉचमनला कुठल्या मजल्यावर जास्त फेऱ्या मारायच्या ते कळेल. टाळ्या पडल्या. रकाने मी स्वतः पट्टी घेऊन आखले. वही गेटवरच्या टेबलावर, पाहुण्यांच्या वहीशेजारी ठेवली, आणि कुणी पळवू नये म्हणून सुतळीने टेबलाच्या पायाला बांधली. एवढी काळजी आम्ही घेतली होती.

पुढच्याच महिन्यात बायकोच्या भाचीच्या लग्नाला आम्ही सहा दिवस कोकणात गेलो. नोंद मीच केली, वळणदार अक्षरात. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'कामवालीकडे'.

ही कामवाली म्हणजे नऊ वर्षं आमच्याकडे येणाऱ्या ताई. नवऱ्याबरोबर वऱ्हाडातून आल्या, मागच्या गल्लीत खोली घेऊन राहिल्या. माझ्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला धरून चालवलं ते त्यांनी, मी नव्हे. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली त्यांच्याकडे असायची.

परत आलो तर घर उपसलेलं. बायकोच्या बांगड्या, देवघरातली चांदी आणि माझा लॅपटॉप गेला होता. दाराचं कुलूप मोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. चेअरमन कधी नव्हे ते बस सोडून घरी थांबले. त्यांनी वही उघडली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि प्रश्न सुटल्यासारखा चेहरा केला. गेटवर कामवाल्यांच्या येण्याजाण्याचीही नोंद असते. त्यात दिसलं की ताई सहाही दिवस, सकाळच्या कामांखेरीज, रोज संध्याकाळी आमच्या मजल्यावर गेल्या होत्या.

त्यांना क्लबहाउसमध्ये बोलावलं. आमच्या क्लबहाउसमध्ये कामवाल्यांना बसायची मुभा नाही, म्हणून चौकशीही उभ्यानेच झाली.

"पाणी सकाळी घालून जात होतात ना? मग संध्याकाळी कशाला?" चेअरमननी विचारलं.

"गॅलरीतला दिवा लावाले येत होती."

"बंद घरात दिवा कशाला?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, आपण सांगितलं होतं का यांना?"

ताईंनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही. मी असं काही सांगितलं नव्हतं."

अक्षरशः खरं होतं ते. कुठल्याही वरिष्ठाने सही करावी इतकं खरं. त्याच्यापुढे 'पण मी यांना नऊ वर्षं ओळखतो' एवढंच जोडायचं होतं. ते जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. सगळे बघत होते, आणि भोळसट दिसण्याची मला लाज वाटली. ताईंनी पदराची गाठ सोडून किल्ली टेबलावर ठेवली. त्याच दिवशी त्यांना सोसायटीत बंदी झाली, म्हणजे आमच्याबरोबर आणखी चार घरची कामं गेली. त्या चारही घरांनी हळहळ व्यक्त केली आणि संध्याकाळपर्यंत दुसरी बाई लावली.

पोलीस आले ते दुसऱ्या दिवशी. त्यांच्यातल्या एका हवालदाराने आमचं कुलूप हातात घेतलं. समितीने सगळ्यांसाठी घाऊक घेतलेलं, पितळी, दिसायला भारदस्त. "याला किल्ली कशाला लागते?" म्हणाले, आणि वाकवलेली तार घालून दाखवलं. मग त्यांनी गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. चालणारा कॅमेरा नेमका तोच होता. त्यात जेवण पोचवणाऱ्यासारखी पिशवी अडकवलेला, हेल्मेट घातलेला एक माणूस टेबलाशी उभा होता. त्याने चुकून केल्यासारखी शेजारची वही उलटली, पानाचा फोटो काढला, मग शिस्तीत पाहुण्यांच्या वहीत सही केली. पेन त्याला आमच्याच वॉचमनने दिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, आम्ही परत पोचायच्या काही तास आधी, तोच माणूस पुन्हा आला, पुन्हा सही करून. नोंदीत आम्ही कुठेच कमी पडलो नव्हतो.

चेअरमन म्हणाले, "चला, प्रोसेस इम्प्रूव्ह करायला हवी." बंदी उठवल्याचं कुणी ताईंना कळवलंसुद्धा नाही. मी गेलो. मान खाली घालून गेलो असं लिहायला बरं वाटेल, पण वाटेत मी वाक्यं जुळवत होतो, कचेरीतल्या खुलाशासारखी.

त्यांनी मला आत बसवलं, चहा ठेवला. मी विचारलं, "ताई, दिवा कशासाठी लावत होतात?"

"घर बंद हाय असं खालून दिसू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "अंधार दिसला की चोराले समजते. सांगाचं काय त्यात?"

मी कामाला परत येण्याविषयी बोललो. त्या कप विसळत म्हणाल्या, "मी खोटं बोलली नव्हती काका. तुम्ही बी नाही बोलले." मी उठून चपला घातल्या. त्या आल्या नाहीत. दोन रस्ते पलीकडच्या सोसायटीत आता त्यांची कामं आहेत.

नोंदवही अजून आहे, फक्त कपाटात ठेवतात. कपाटाची किल्ली कोणाकडे असते याची चिठ्ठी कपाटावरच चिकटवलेली आहे. आम्ही मात्र आता बाहेरगावी जाताना गॅलरीतला दिवा लावून जातो. तो संध्याकाळी येऊन लावणारं आणि सकाळी विझवणारं कुणी नाही. भर उन्हातही तो जळत असतो, आणि खालून जाणाऱ्या कोणालाही सहज कळतं की या घरात माणूस नाही.