तिसरीला कसं सोडायचं

नांदेडात मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे एकच गोष्ट शंभरदा सांगायची सवय आहे. पण जळकोटजवळच्या आमच्या गावात सेवा सोसायटीची निवडणूक लागली, तेव्हा जेवढा घसा कोरडा केला तेवढा कुठल्याच वर्गापुढे केला नसेल. आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

उभ्या होत्या माझ्या वहिनी. शेत त्यांच्या नावावर, सोसायटीच्या सभासदही त्याच. पण खत आलं आणि त्या गोदामावर गेल्या की तिथला माणूस मान वर न करता म्हणायचा, "मालकाला पाठवा." मग दादा हातातलं काम टाकून जायचा आणि त्याला पोती लगेच मिळायची. हे इतक्या हंगामांत झालं की एकदा वहिनी तिथंच बोलल्या, "मालक मीच हाय की रे." तो नुसता हसला. त्या हसण्यानं त्यांनी अर्ज भरला. "संचालक झाले की पयलं हे बंद करते," असं त्यांनी गावभर सांगितलं.

महिलांच्या जागा दोन आणि उमेदवार तिघी. सोसायटीचं मतदान कागदावर होतं. गुलाबी मतपत्रिका, त्यावर तीन नावं, तीन चिन्हं, आणि हातात फुलीचा शिक्का. जास्तीत जास्त दोघींपुढे मारायचा. एकीपुढे मारला तरी चालतो, तिघींपुढे मारला की मत बाद. यात न कळण्यासारखं काय आहे?

तरी मी रजा काढली, नमुना मतपत्रिका हातानं काढली आणि ओट्याओट्यावर जाऊन बसलो. शिक्का चौकटीत मारा, रेघेवर नको. सही करू नका, अंगठा उठवू नका. आधी उभी घडी घाला, म्हणजे ओली शाई दुसऱ्या नावावर उमटणार नाही. आणि दोन म्हणजे दोनच. बाया चहा देत, माना डोलवत. "हाव सर, कळलं. दोनच."

मतदान संपल्याबरोबर गावातल्याच शाळेत मोजणी सुरू झाली. वहिनींचा प्रतिनिधी म्हणून मी दोरीच्या अलीकडे उभा. पेटी सतरंजीवर उपडी केली, रंगांप्रमाणे गठ्ठे लावले आणि गुलाबी गठ्ठा उलगडायला लागला. पहिलीच मतपत्रिका उघडली तर तीन फुल्या. बाद. थोड्या बऱ्या गेल्या, मग पुन्हा तीन. बाद. बाजूचा गठ्ठा फुगत चालला आणि माझं डोकं तापत चाललं. चिडायचं ते कशावर, तर तिन्ही फुल्या चौकटीच्या अगदी मधोमध, सुबक. घडीही उभीच. म्हणजे माझं बाकी सगळं ऐकलं होतं, मुद्द्याचं तेवढं सोडलं होतं!

मी अधिकाऱ्यांशी वाद घातला. म्हटलं, साहेब, मतदाराची इच्छा तरी बघा. ते भले गृहस्थ. मतपत्रिका माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघा सर. यातल्या कुठल्या दोघी, ते तुम्हीच सांगा."

एक बाई आरामात निवडून आली. दुसऱ्या जागेसाठी वहिनी आणि त्यांच्या शेजारणीची मतं सारखी निघाली. पुन्हा मोजली, तरी सारखीच. मग ईश्वरचिठ्ठी. दोन नावं लिहून स्टीलच्या डब्यात टाकली, हलवली, आणि पाणी वाटणाऱ्या बाईंनी डोळे मिटून एक काढली. शेजारीण जिंकली.

घरी जाताना मी रस्ताभर त्या बायांचा उद्धार केला. वेशीपाशी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, उगी त्यायला बोलू नका. म्याबी तिन्ही मारले."

मी थांबलोच. "वहिनी, तुम्ही? स्वतःचं मत स्वतः बाद केलंत?"

"मग काय करावं? संक्रांतीला तीन सवाष्णी वळीनं बसल्या तर दोघीला कुंकू लावून तिसरीला तसंच उठिवता का? तिची फुली हातानं टाळायची म्हंजी कसं वाटतंय ते."

"अहो, ते हळदीकुंकू नव्हतं! तुमचं एक मत नीट पडलं असतं तर चिठ्ठीची वेळच आली नसती!"

"आता पडलं न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

घरी पोचून पाणी पितोय तोच गुलालानं माखलेली शेजारीण दारात. "अक्का, मनात काई ठिवू नका," म्हणत पायाच पडली. वहिनींनी तिला उठवलं, पाटावर बसवलं आणि आतून कुंकवाचा करंडा आणला. मी तोंड फिरवून बसलो.

"ठिवत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पण आता तू आत हाईस, तर एक काम कर. बाई खताला आली की मालकाला पाठवा म्हणायचं न्हाई, एवढं मिटिंगीत सांग."

शेजारीण ओशाळून हसली. "मला कुठलं मिटिंगीला जायला गावतंय, अक्का? तिथं आमचे मालकच जाणार हायती. सही करायची तेवढी घरीच आणतो म्हनलेत."

वहिनींचा हात तिच्या कपाळाशी गेलेला, तिथंच थांबला. चिमटीतलं कुंकू तसंच. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"असं व्हय?" त्या म्हणाल्या. "मग तुला सोडायलाच पायजे होतं की गं."

आणि कुंकू लावलं.